वेळेवर येणारा आवाज

जून उजाडला की नांदेड-लातुरात दोन जाहिरातींचा हंगाम एकदमच सुरू होतो: बियाण्यांचा आणि निकालांचा. सोयाबीनची उगवणक्षमता सांगणारा आवाज आणि 'नीट'ला 720 पैकी किती पडले ते सांगणारा आवाज पुष्कळदा एकाच माणसाचा असतो. सकाळी तो शेतकरी बांधवांशी बोलतो, दुपारी पालकांशी, आणि मधल्या वेळात एखादं मंगल कार्यालय, एनए प्लॉटची स्कीम, नवा दवाखाना उरकून घेतो. रिक्षावरच्या भोंग्यात तोच, केबलच्या लोकल चॅनलवर तोच, एफएमवरही तोच. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा असे सव्वीस तालुके त्याचा आवाज फिरून येतो. पण बसस्टँडवर तो शेजारी बसला तर कुणी ओळखायचं नाही. जाहिरातीखाली आवाज देणाऱ्याचं नाव टाकायची पद्धतच नाही.

हे पुस्तक त्या माणसासाठी आहे. मात्र जाहिरातीइतकीच जागा इथे दुसऱ्या एका कामाला दिली आहे: केंद्राच्या किंवा वाहिनीच्या स्वतःच्या आवाजाला. आपण कोणतं केंद्र ऐकतो आहोत हे सांगणारा स्टेशन आयडी, संध्याकाळच्या कार्यक्रमाची आठवण करून देणारा प्रोमो, दोन गाण्यांच्या फटीतून तीन सेकंदांत नाव सांगून निसटणारा स्वीपर, गाऊन म्हटलेली जिंगल, बातम्यांच्या आधी वाजणारं संगीत. या सगळ्याला आता ब्रँडिंग म्हणतात. हेही काम त्याच मायक्रोफोनसमोर होतं, म्हणून जाहिरातीचंच भावंड समजलं जातं, आणि माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. जाहिरात लक्ष वेधायला केलेली असते. ती आठ दिवस वाजते, माल खपतो, विषय संपतो. केंद्राची ओळख मात्र रोज, दिवसातून चाळीस वेळा, वर्षानुवर्षं ऐकायची असते. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटलेला आवाज तीनशेव्यांदा डोक्यात जातो. ओळख सांगणाऱ्या आवाजाला भारदस्तपणापेक्षा नेमस्तपणा लागतो. ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत तो यायला हवा.

मराठवाड्याला हे नव्यानं शिकवायचं कारण नव्हतं. आपले कान आकाशवाणीवर तयार झालेले आहेत.

या मुलखात रेडिओ आला तो निजामाच्या राजवटीत. हैदराबादच्या डेक्कन रेडिओवर उर्दूचा वरचष्मा होता. संस्थानांची जी पाच केंद्रं 1950 पर्यंत ऑल इंडिया रेडिओत सामील झाली, त्यांत हैदराबाद होतं आणि आपलं औरंगाबादही होतं. बाकीची म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदा. म्हणजे इथल्या जुन्या पिढीनं रेडिओवरची अदब आधी ऐकली ती उर्दूतली. पुढे 1968 साली परभणी केंद्र सुरू झालं आणि मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्झला नांदेड-लातूरच्या घरांना जवळचा मराठी आवाज मिळाला. नांदेडचं एफएम केंद्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, 101.1 मेगाहर्ट्झवरचं. लातूरकर परभणी, धाराशिव, सोलापूर, पुणे असं जे लागेल ते लावत राहिले. त्यामुळे लातूरच्या श्रोत्याला केंद्रांची तुलना करायची सवय नांदेडकरापेक्षा जास्त, असं मला नेहमी वाटतं.

पहाटे पहिली सभा उघडायची पद्धत आठवून पाहा. आधी ती धून: तानपुऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीच्या वळणाची. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकारानं ती तीसच्या दशकात बांधली. युरोपात नाझींचा अंमल वाढत होता त्या काळात मुंबईत आसरा घेतलेला हा गृहस्थ. मग वंदे मातरम्. मग उद्घोषकाचा नमस्कार, केंद्राचं नाव, किती मीटर आणि किती किलोहर्ट्झ, वार, इंग्रजी तारीख आणि भारतीय सौर दिनांक. यात कुठेही आवाज चढवलेला नाही, कुणाला थक्क करायचा बेत नाही. पण त्या शब्दांवर घरातली चूल पेटायची आणि सालगडी गोठ्याकडे निघायचा. घड्याळ नसलेल्या घरात घड्याळाचं काम करणारा हा आवाज होता, आणि एखादी सभा उशिरा उघडली तर ड्युटी रूमच्या वहीत तशी नोंद होई. ब्रँडिंग हा शब्द या बाजूला कुणी ऐकलाही नव्हता त्या काळातलं हे ब्रँडिंग.

बाहेरच्या जगातही फार वेगळं घडलेलं नाही. बीबीसीनं फेब्रुवारी 1924 पासून तासाच्या ठोक्याला ग्रिनिचचे टिक्-टिक् वाजवायला घेतले; ते सुरू झाले तेव्हा कुणाच्या मनात ओळखचिन्ह वगैरे नव्हतं, वेळ सांगायची होती. अमेरिकेत एनबीसीच्या घंटेचे तीन स्वर हे मुळात जोडकेंद्रांना 'आता तुमचा नंबर' असं सांगण्यासाठी होते. 1950 साली त्याच तीन स्वरांची तिथे ध्वनिचिन्ह म्हणून नोंदणी झाली. आधी उपयोग, मग सवय, मग ओळख, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे 2017 च्या ट्रेडमार्क नियमांप्रमाणे तीस सेकंदांपर्यंतची एमपी थ्री फाईल आणि तिची स्वरलिपी जोडून ध्वनिचिन्हाची नोंदणी करता येते. आपल्या लोकल चॅनलची धून शेजारच्या गावातला दुसरा केबलवाला उचलतो म्हणून चडफडणाऱ्यांनी हा नियम जरूर वाचावा.

दूरदर्शनचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून थोडक्यात सांगतो. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं आणि पंडित रविशंकर व उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची धून त्याच दिवसापासून सुरू झाली. चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य यांचं. ती फिरत येणारी दोन वळणं आणि ती शहनाई एकमेकांपासून आज वेगळी काढता येत नाहीत.

जाहिरात रेडिओवर अधिकृतपणे आली ती 1 नोव्हेंबर 1967 रोजी, विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून. मराठवाडा या यादीत नव्हता, आणि याचा एक परिणाम असा झाला की पैसे घेऊन बोलणारा आवाज इकडे रेडिओतून फारसा तयार झाला नाही. तो रस्त्यावर तयार झाला. दवंडी होतीच. माळेगावच्या यात्रेत लोकनाट्याच्या तंबूबाहेर तिकिटं खपवणारा निवेदक होता. टुरिंग टॉकीजची जीप होती आणि निवडणुकीची रिक्षा होती. या मंडळींचं शिक्षण गर्दीला थांबवण्यात झालं, आणि माणूस चालता चालता ऐकतो हे गृहीत धरून ती बोलायची. रेडिओचा श्रोता घरात बसलेला असतो, त्याला थांबवावं लागत नाही. भोंग्यावरची ही सवय घेऊन माणूस स्टुडिओत आला की पहिलं वर्ष ती उतरवण्यात जातं. हा दोष नाही, उलट दम आणि फेक यात असा माणूस कुणाला हार जात नाही. फक्त मायक्रोफोन म्हणजे श्रोत्याचा अगदी जवळ आलेला कान आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

मुंबईत दोन्ही कामं पेलणारी माणसं होती. बाळ कुडतरकर आकाशवाणीचे निवेदकही होते आणि 'पुन्हा प्रपंच'मधले पंतही. प्रदीप भिडे 1974 पासून मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत, आणि त्यांचाच आवाज जाहिरातींत, माहितीपटांत, कार्यक्रमांच्या निवेदनात ऐकू येई. 2022 च्या जूनमध्ये ते गेले. भिड्यांची जाहिरात ऐकताना बातम्या चालू आहेत असं कधी वाटलं नाही आणि बातम्या ऐकताना कुणी काही विकतं आहे असंही वाटलं नाही. आवाज एकच होता. बदलायचा तो वेग, आणि वाक्याचा शेवट कुठे टेकवायचा त्याची जागा. आज नांदेडच्या एखाद्या लोकल बुलेटिनमध्ये अपघाताची बातमी आणि सोन्याच्या दुकानाची ऑफर एकाच चालीत ऐकू येते तेव्हा हा फरक नजरेत भरतो.

खासगी वाहिन्यांचं पर्व इकडे आलं तेही हैदराबादमार्गेच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. ईटीव्ही मराठी 2000 साली सुरू झाली ती रामोजी फिल्म सिटीतून. नांदेडहून हैदराबाद म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मं अंतर. मराठी बातम्यांचं मोठं न्यूजरूम तेलुगू मुलखात, आणि आपल्याकडची पोरं रात्रीच्या गाडीनं तिकडे व्हॉइस टेस्टला. आजोबांनी हैदराबादच्या रेडिओवर उर्दू ऐकली आणि नातू तिथे जाऊन मराठी वाचू लागला. 2015 मध्ये ती वाहिनी कलर्स मराठी झाली आणि नावाबरोबर सगळा साजही बदलला. याउलट स्टार माझाचं 2012 च्या जूनमध्ये एबीपी माझा झालं तेव्हा 'स्टार' गेलं, पण 'माझा' राहिलं आणि 'उघडा डोळे, बघा नीट' हेही राहिलं. लोकांनी नवं नाव सहज घेतलं, कारण रोजचं वाक्य हललं नव्हतं. वाहिनीचं नाव बदलताना काय धरून ठेवायचं, याचा इतका स्वच्छ धडा मराठीत दुसरा नाही.

एफएमची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवण्याची मुभा तेवढी आहे. गाणी तर सगळीकडे तीच. मग एका केंद्रानं दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसायचं कशावर? आवाजावर, आणि फक्त आवाजावर. म्हणून एफएमवर स्वीपरचा एवढा मारा असतो. पण तो तयार कसा होतो पाहा. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत एकदाच रेकॉर्डिंग होतं, वाक्य तेच ठेवून शहरांची नावं एकामागून एक म्हणून घेतली जातात, आणि संपादक ती कापून जागेवर बसवतो. ऐकणाऱ्याला सांधा कळतो. 'नांदेड' हा शब्द वाक्यात आल्यासारखा वाटत नाही, ठिगळासारखा वाटतो.

वास्तविक नियमांनी एक दार उघडं ठेवलं आहे. एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वाहतूक, हवामान, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकऱ्या, सण-उत्सव, आणि प्रशासनानं दिलेल्या वीज-पाणी-आपत्तीच्या सूचना या गोष्टी बातम्या धरल्या जात नाहीत. त्या सांगता येतात. आता ही यादी लातूर डोळ्यांपुढे ठेवून वाचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. नळाला पाणी किती दिवसांनी हा इथल्या प्रत्येक घराचा प्रश्न. दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'नं आणि पुढे नीट-जेईईच्या क्लासेसनी जगणारंही हेच शहर. पाण्याची पाळी आणि प्रवेशाची तारीख रोज सकाळी ठरल्या मिनिटाला, एकाच आवाजात सांगणारं केंद्र इथे निघालं तर त्याला ब्रँडिंगवर वेगळा खर्च करावा लागणार नाही. केंद्र सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये खासगी एफएम न पोहोचलेल्या 234 शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे, उदगीरही आहे. लिलाव होईल तेव्हा होईल. आवाज तयार करायला त्याची वाट पाहायचं कारण नाही.

कोणत्या मराठीत बोलायचं, हा प्रश्न कार्यशाळांत हमखास येतो. आपल्याकडचा माणूस घरी 'मी करायलो' म्हणतो आणि लाल दिवा लागला की 'मी करतोय' म्हणतो. किनवट-माहूरकडे तांड्यावरची गोरमाटी आहे, धर्माबाद-देगलूरला तेलुगू शिवेवर आहे, उदगीर-निलंग्याला कानडी, शहरात दखनी, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी. इतक्या बोलींच्या पेठेत पुण्याचा उच्चार आणून बसवला की तो पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो. पण म्हणून उलट टोकाला जाऊ नये. बोली आणायची ती फक्त विनोदी नोकराच्या किंवा अडाणी गिऱ्हाइकाच्या तोंडी, ही जाहिरातवाल्यांची जुनी खोड मला अपमानकारक वाटते. संवादाच्या जाहिरातीत डॉक्टरीणबाईंनाही 'करायलाव का?' म्हणू द्या. केंद्राची ओळख साध्या प्रमाण मराठीत असली तरी चालेल, मात्र गावांची नावं गावच्या तोंडची हवीत. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव बाहेरचा आवाज 'मालेगाव' असं वाचतो आणि यात्रेची जाहिरात थेट नाशिक जिल्ह्यात जाऊन पडते. एका 'ळ'पायी अख्ख्या कंधार-लोह्यानं त्या केंद्राला परकं ठरवलं तर दोष श्रोत्यांचा नव्हे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं त्याचा एक नमुना देतो. लातूरच्या गंजगोलाईतलं एक साडीचं दुकान, लग्नसराई, वीस सेकंदांची जाहिरात. मराठीत वीस सेकंदांत सावकाश, समजेल असे पंचेचाळीस-पन्नास शब्द बसतात. मालक नव्वद पाठवतात. त्यात दोन फोन नंबर, तीन शाखा आणि 'आमची कुठेही इतरत्र शाखा नाही' हेही असतं. पहिलं काम कापाकापीचं, आणि ते मालकाला दुखावल्याशिवाय करायचं. एक फोन नंबर ठेवायचा, पत्त्याऐवजी खूण सांगायची. मग उरतात मालकांचे लाडके शब्द: 'भव्य', 'धमाका', 'फक्त'. नेमके हेच शब्द मायक्रोफोनला सोसत नाहीत. भ, ध, फ म्हणताना तोंडातून हवेचा लोट निघतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज बसतो. उपाय सोपा आहे: माईक तोंडासमोर न ठेवता गालाच्या रेषेत, चार बोटं बाजूला ठेवावा, म्हणजे हवा शेजारून जाते. खोलीचा घुमारा मारायला महागडे फोम लागत नाहीत. तीन भिंतींना जाड गोधड्या लावल्या की पुष्कळ भागतं. कूलर आणि पंखा बंद. मे महिन्यात, 42 अंशांत, गोधड्यांच्या खोलीत, पंखा बंद करून 'थंडगार एसी शोरूम' असं हसऱ्या आवाजात म्हणणं ही या धंद्याची खरी परीक्षा. हसू खरंच ओठांवर आणावं लागतं. न आणता काढलेला हसरा आवाज लगेच पकडला जातो.

शिकायच्या जागा इथेही आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. आकाशवाणी नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी घेते आणि निवडलेल्यांना 'वाणी' अभ्यासक्रमातून नेते. पैसा त्यात थोडा, पण क्यूशीट पाळणं, फेडर हळू खाली आणणं, चुकल्यावर न अडखळता पुढे जाणं, या गोष्टी तिथे जितक्या पक्क्या होतात तितक्या कुठल्याही रीलवर होत नाहीत.

निवडणुकीचं काम घेणाऱ्यांसाठी या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, कारण पाच वर्षांतली मोठी कमाई त्या तीन आठवड्यांत होते आणि मोठे घोटाळेही. रेडिओ, केबल वा चौकातल्या पडद्यावरच्या राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचं प्रमाणपत्र आधी लागतं. मंजूर मजकुरात कार्यकर्त्यानं रात्री अकराला फोनवर दोन ओळी वाढवून मागितल्या तर त्या बोलायच्या नाहीत, मग तो कितीही जवळचा असो.

राहिला पैशाचा आणि हक्काचा प्रश्न. इथला रिवाज एकरकमी, तोंडी आणि बहुधा उधारीचा. एका सणासाठी दिलेला आवाज पुढची पाच वर्षं वाजत राहतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आता त्यात यंत्रांची भर पडली आहे. थोडं रेकॉर्डिंग मिळालं की तुमच्या आवाजात हवं ते मराठी बोलणारे प्रोग्रॅम आले आहेत, आणि नमुना म्हणून फुकट मागितलेली फाईल कशासाठी वापरली जाईल याची खात्री नाही. गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये त्यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. प्रकरण नामवंताचं होतं, कंधारच्या निवेदकाला तेवढं वजन मिळेलच असं नाही. म्हणून कागद हवा. पुस्तकाच्या अखेरीस एका पानाचा करारनामा मराठीत दिला आहे. त्याच्या प्रती काढून वापराव्यात. दराची जागा ज्यानं त्यानं भरावी, कारण नांदेडचा दर लातूरला चालत नाही आणि क्लासवाल्यांचा दर बियाणेवाल्यांना. पण आवाज किती मुदतीसाठी, कोणकोणत्या माध्यमांत, आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरायचा की नाही, हे तीन रकाने कोरे सोडून सही करू नये.